रोसुव्हास्टॅटिनचा डोस दुप्पट करावा की जोडीला इझेटिमाइब घ्यावे?

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेले आढळले, ते उतरवणारे स्टॅटिन गटातील रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू झाले, पुढचा अहवाल बराच सुधारला, परंतु डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली काही तो आला नाही, अशा स्थितीत असलेल्या वाचकासाठी हे लिहीत आहे. येथून पुढे बहुधा दोन पर्याय सुचवले जातात. एक म्हणजे तीच गोळी २० मिलिग्रॅमची करणे आणि दुसरा म्हणजे १० मिलिग्रॅम तशीच ठेवून तिच्या जोडीला इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलवरचेच पण वेगळ्या गटातील औषध १० मिलिग्रॅम घेणे. मी दोन्ही घेऊन पाहिले आहेत आणि सध्या दुसऱ्या पर्यायावर स्थिर आहे. अर्थात निर्णय आपल्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे. मात्र त्यांच्यासमोर बसताना काय विचारावे याची थोडी तयारी असलेली बरी.

प्रथम माझे आकडे सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणाच्या बाबतीत आहे हे स्पष्ट होईल. मला उच्च रक्तदाब आहे आणि वडिलांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे माझे उद्दिष्ट ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठरले. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही जास्त जोखमीच्या व्यक्तींसाठी हीच मर्यादा आहे. ज्यांना झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे त्यांच्यासाठी ती ५५ आहे. औषधापूर्वी माझे एलडीएल १६३ होते. १० मिलिग्रॅमवर ते ८८ झाले, २० मिलिग्रॅमवर ७९, आणि १० मिलिग्रॅमला इझेटिमाइबची जोड दिल्यावर ६६.

हे आकडे एकाच माणसाचे असले तरी ते अपवादात्मक नाहीत. स्टॅटिन गटातील कोणत्याही औषधाचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल मूळ पातळीच्या साधारण सहा टक्क्यांनीच अधिक उतरते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. सर्वसामान्य रुग्णाला मात्र गोळी दुप्पट म्हणजे परिणामही दुप्पट असेच वाटत राहते. याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल ओढून घेणारे ग्राहक रेणू अधिक संख्येने तयार करते आणि रक्त स्वच्छ होते. त्याच वेळी आतडे मात्र आपल्या परीने भरपाई करू लागते आणि कोलेस्टेरॉलचे शोषण वाढवते. इझेटिमाइब नेमके हे शोषण अडवते. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर कोलेस्टेरॉल आत घेणारे एक प्रथिन असते, त्यावर ते काम करते, आणि आधीच चालू असलेल्या स्टॅटिनने उतरवलेले एलडीएल सुमारे पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून थोडे अधिक आणखी खाली आणते. एकाच बैलाला पराणी टोचत राहण्यापेक्षा जोडीला दुसरा बैल जुंपावा, तसा हा प्रकार आहे.

येथे एक शंका हमखास निघते. आपण शाकाहारी आहोत, अंडी-मटण खात नाही, मग आतड्यातील कोलेस्टेरॉल अडवणाऱ्या गोळीचा आपल्याला उपयोग काय? उपयोग पुरेपूर आहे, कारण आतड्यात येणारे बहुतांश कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही. ते पित्तातून येते. यकृत रोज पित्तावाटे जे कोलेस्टेरॉल आतड्यात सोडते, ते आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा कितीतरी अधिक असते आणि त्याचा मोठा भाग पुन्हा शोषला जातो. ही परतीची वाटच इझेटिमाइब अरुंद करते, मग जेवण वरण-भाताचे असो वा तांबड्या रश्श्याचे.

मोठ्या डोसच्या बाजूने जे बोलायला हवे ते मोकळेपणाने सांगतो. स्टॅटिनमागे पुराव्याची जी भक्कम परंपरा आहे ती लिपिडवरच्या, म्हणजे रक्तातील चरबीवरच्या, दुसऱ्या कोणत्याही औषधामागे नाही. सुमारे दहा हजार हृदयरुग्णांवर अटॉर्व्हास्टॅटिन १० आणि ८० मिलिग्रॅम यांची तुलना करणारा टीएनटी हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मोठ्या डोसच्या गटात हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या मोठ्या घटना २२ टक्क्यांनी कमी आढळल्या. इझेटिमाइबचा असा मोठा पुरावा त्याच्या दहा वर्षांनंतर, २०१५ मध्ये आला. इम्प्रूव्ह-इट या १८,१४४ रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या सिम्व्हास्टॅटिनवर सात वर्षांत ३४.७ टक्के रुग्णांना मोठी घटना घडली, तर इझेटिमाइब जोडलेल्या गटात ३२.७ टक्के. फरक लहान आहे हे मान्य करायला हवे, परंतु एलडीएलमध्ये जेवढी घट झाली होती तिच्या प्रमाणातच तो होता. एलडीएल कोणत्या मार्गाने उतरले यापेक्षा किती उतरले आणि किती वर्षे उतरलेले राहिले याला अधिक महत्त्व आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा अभ्यास दक्षिण कोरियातील रेसिंग हा आहे. तो २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. धमनीविकार असलेल्या ३,७८० रुग्णांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन २० आणि निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन १० अधिक इझेटिमाइब १० देण्यात आले. तीन वर्षांत मोठ्या घटना अनुक्रमे ९.९ आणि ९.१ टक्के, म्हणजे जोडगोळी कोठेही कमी पडली नाही. एका वर्षानंतर एलडीएल ७० च्या खाली असलेल्यांचे प्रमाण ५५ विरुद्ध ७३ टक्के होते. औषध सोसत नाही म्हणून ते थांबवावे किंवा कमी करावे लागलेल्यांचे प्रमाण मोठ्या डोसच्या गटात ८.२ टक्के आणि जोडगोळीच्या गटात ४.८ टक्के होते.

हा शेवटचा आकडा मला कागदावर वाचण्याआधी अंगावर कळला होता. २० मिलिग्रॅम सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी सकाळी मांड्या भरून येऊ लागल्या. वेदना असे तिला म्हणता येणार नाही. आदल्या दिवशी गड चढून आल्यावर जसा जडपणा राहतो तसा तो होता, फक्त गड न चढता. मांडी घालून जेवायला बसले की उठताना हात टेकावा लागे. सीपीके ही स्नायूंची तपासणी केली, ती सर्वसाधारण आली. डॉक्टरांनी धीर दिला आणि तो खराही होता. परंतु त्या जडपणापेक्षा मला अधिक छळले ते त्याच्यामागून आलेल्या संशयाने. पाठ दुखली की गोळी, पोटऱ्यांत गोळा आला की गोळी, प्रवासानंतर खांदा आखडला तरी गोळीच. ज्या औषधावर उरलेले आयुष्य काढायचे आहे, त्याच्याकडे रोज रात्री अशा संशयाने पाहत राहणे मला असह्य झाले. पट्टी उघडताना हात थबकू लागला, आणि जी गोळी घेताना हात थबकतो ती कधीतरी चुकणारच हे मला दिसत होते.

येथे न्यायाने वागायला हवे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सॅमसन अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० व्यक्तींना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटूनपालटून देण्यात आले. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग पोकळ गोळीवरही जाणवला. तेव्हा माझ्या मांड्यांचा जडपणा पूर्णपणे रोसुव्हास्टॅटिनचा होता असे मी ठामपणे म्हणणार नाही. रेसिंगमध्येही कोण काय घेत आहे हे रुग्णांना ठाऊक होते, म्हणून तेथील फरकातही थोडा वाटा मनाचा असू शकतो. मात्र १० मिलिग्रॅमवर परत आल्यानंतर माझा जडपणा गेला, संशयही गेला आणि एलडीएल आधीपेक्षा खाली उतरले. मला तिन्ही हवे होते.

भारतीय वाचकाने आणखी दोन गोष्टी तराजूत टाकाव्यात असे मला वाटते. रोसुव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी पूर्व आशियाई वंशाच्या लोकांमध्ये गोऱ्या लोकांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळते, भारतीयांमध्ये तितकी नसली तरी अधिकच असते, आणि म्हणून अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकात आशियाई रुग्णांसाठी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचवलेली आहे. म्हणजे आपल्यासाठी २० हा आकडा दिसतो तितका मध्यम नाही. दुसरी गोष्ट साखरेची. स्टॅटिनमुळे मधुमेहाचे निदान होण्याची शक्यता वाढते आणि ती डोसनुसार वाढते; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात सौम्य व मध्यम मात्रेवर ही वाढ सुमारे १० टक्के, तर तीव्र मात्रेवर ३६ टक्के दिसली. ही वाढ मुख्यतः आधीच उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये होती, आणि हृदयाला मिळणारे संरक्षण तिच्यापेक्षा निश्चितच मोठे आहे, म्हणून या कारणाने स्टॅटिन सोडणे सर्वथा चुकीचे ठरेल. परंतु माझे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.० होते, म्हणजे मीही त्याच उंबरठ्यावर होतो. त्यामुळे तेवढेच संरक्षण लहान डोसमध्ये मिळत असेल तर मोठा डोस का घ्यावा, हा प्रश्न मला रास्त वाटला.

जोडगोळीच्या गैरसोयीही आहेत. ती साध्या गोळीपेक्षा महाग पडते. शिवाय आपल्याकडे रोसुव्हास्टॅटिनच्या एकाच नावापुढे वेगवेगळी अक्षरे लावून अनेक मिश्रणे विकली जातात. त्यांपैकी एकात ट्रायग्लिसराइड या रक्तातील दुसऱ्या चरबीवरचे फेनोफायब्रेट असते, तर दुसऱ्यात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे. औषधाच्या दुकानात पट्टी हातात आली की घटकांची नावे वाचूनच ती पिशवीत टाकावी. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेल्या स्त्रियांनी तर या गोळ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊच नयेत.

ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवलेला आहे, त्यांच्यासाठी माझी निवड लागू होत नाही. तेथे डॉक्टर बहुधा तीव्र मात्रेचे स्टॅटिन लगेच सुरू करतात आणि गरज पडल्यास इझेटिमाइब त्यावर चढवतात. जे मोठा डोस कोणत्याही तक्रारीविना घेत आहेत आणि ज्यांचे उद्दिष्ट गाठले गेले आहे, त्यांनीही केवळ हे वाचून काही बदलण्याचे कारण नाही. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर प्रश्न स्वादुपिंडाला सूज येण्याच्या धोक्याचा होतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी मात्र करून घ्यावी, कारण थायरॉइड मंदावलेले असेल तर एलडीएलही वाढते आणि स्नायूही दुखतात, आणि मग दोन्ही गोळ्यांवर उगाच ठपका येतो. बदल केल्यानंतर चार ते बारा आठवड्यांत, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे आणि त्यात एलडीएलबरोबर नॉन-एचडीएलचा, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलमधून ‘चांगले’ एचडीएल वजा करून उरणारा, आकडाही पाहावा. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड अनेकांचे चढे असते आणि अशा वेळी तो आकडा अधिक भरवशाचा असतो. कोणत्याही डोसवर स्नायूंत तीव्र वेदना किंवा अशक्तपणा आला, लघवी चहासारखी गडद झाली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.