कॉकाटेलसाठी दोन फुटी पिंजरा : सोलापुरातील वर्षभराच्या वापरानंतर

कॉकाटेलच्या आकाराच्या पोपटांसाठी दोन फूट रुंद, दीड फूट खोल आणि अडीच फूट उंच असा पावडर कोटिंग केलेला लोखंडी पिंजरा सोलापुरातील एका दुकानातून आम्ही घेतला आणि उन्हाळ्यासह सर्व ऋतूंत वापरला. पुण्याला स्थायिक होणाऱ्या एका परिचित कुटुंबाकडून दत्तक आलेला आमचा कॉकाटेल हा घरातला पहिलाच पक्षी असल्यामुळे, पिंजऱ्याचे गुणदोष सांगताना नव्याने पोपट सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढा तपशील मी येथे देत आहे. पिंजऱ्याची किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आसपास पडली आणि त्या किमतीत सांगाडा उत्तम मिळाला; मात्र त्याच्यासोबत आलेले बहुतेक सामान बदलावे लागले.

ज्यांना ‘पोपट’ म्हणजे आपला हिरवा, लाल चोचीचा राघू एवढेच ठाऊक आहे, त्यांनी खरेदीपूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा राघू 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे तो विकणे, विकत घेणे किंवा घरात पाळणे बेकायदेशीर आहे, मग तो कोणी कितीही प्रेमाने देऊ केलेला असो. कॉकाटेल मूळचा ऑस्ट्रेलियातला असून भारतात पाळीव जोड्यांपासून त्याची पैदास होते, म्हणून आम्ही त्याला घरी आणण्यास तयार झालो.

पिंजरा निवडताना विक्रेते उंचीवर भर देतात. दुकानात टांगलेले उंच, गोल, घुमटाकार पिंजरे दिसायला देखणे असतात. परंतु पक्षी पंख पसरून आडवा उडतो, तो सरळ वर चढत नाही, त्यामुळे त्याच्या उपयोगाची असते ती रुंदी. शेपटीसह सुमारे 30 सेंटिमीटर लांबीच्या या पक्ष्याला पंख पूर्ण उघडता यावेत आणि एका दांडीवरून दुसरीवर झेपावता यावे, यासाठी दोन फूट रुंदी ही मी किमान मानतो. शिवाय गोल पिंजऱ्याला कोपरा नसल्याने भ्यालेल्या पक्ष्याला पाठ टेकवायला जागा उरत नाही, आणि घुमटापाशी गज एकमेकांजवळ येतात तेथे पायाचे बोट अडकण्याचा धोका असतो. आम्ही घेतलेल्या चौकोनी पिंजऱ्यात गजांमधले अंतर साधारण 12 मिलिमीटर आहे, म्हणजे डोके बाहेर काढून अडकून बसण्याची भीती नाही; दोन बाजूंचे गज आडवे आहेत, त्यामुळे चोच आणि पाय वापरून चढण्याची त्याची हौसही भागते. पावडर कोटिंग अद्याप कोठेही उडालेले नाही, ही मला सर्वात मोठी जमेची बाजू वाटते, कारण पोपट गज सतत चावत असतो आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त जाळीतले जस्त पोटात गेल्यास विषबाधा होते.

उणीव आहे ती दारांत. वाट्यांची छोटी दारे वर सरकणारी आहेत आणि चोचीने ती उचलणे पक्ष्याला अजिबात अवघड जात नाही, म्हणून त्यांना स्टीलचे चिमटे लावणे आवश्यक आहे. सोबत मिळालेल्या दांड्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या आणि सगळ्या एकाच जाडीच्या होत्या. पोपट दिवसाचा आणि रात्रीचा जवळजवळ सारा वेळ पायांवरच काढतो. दांडी एकसारखी असली की तळव्याच्या त्याच भागावर भार येत राहतो आणि तेथे सूज व जखमा होतात. आम्ही औषध न फवारलेल्या पेरूच्या फांद्या आणून, घासून धुऊन, कडक उन्हात वाळवून, कमीअधिक जाडीच्या तीन बसवल्या. त्यांची साल सोलत बसणे हा आता त्याचा आवडता उद्योग आहे, आणि तारेने टांगलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांकडे तो पाहतही नाही.

पिंजऱ्याबरोबर भेट म्हणून मिळालेल्या दाण्यांच्या पुड्यात मुख्यत्वे सूर्यफुलाच्या बिया होत्या. त्या पोपटाला आवडतात, पण त्यांत स्निग्धांश फार असतो, आणि केवळ बियांवर वाढलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्वाची कमतरता हमखास आढळते. आम्ही राळा, बाजरी आणि थोडी ज्वारी हे मूळ धान्य ठेवून लक्ष्मी मंडईतून येणारी शेवग्याची पाने, कोथिंबीर, किसलेले गाजर आणि मोड आलेले मूग रोज देतो. थंडीत बिनमिठाच्या हुरड्याचे दाणे दिले, तर तो वाटी रिकामी करूनच थांबतो. ज्वारीची कोवळी हिरवी ताटे व पाने मात्र विषारी असू शकतात, ती देऊ नयेत. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा आणि आपल्या ताटातली शेंगाचटणी यांपासून पक्ष्याला दूरच ठेवावे.

पिंजरा कोठे ठेवावा, हा प्रश्न सोलापुरात पिंजऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, ही त्याला ऊन सोसत नसल्याची खूण समजावी. पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, कूलरचा झोत थेट अंगावर येणार नाही अशा भिंतीलगत आम्ही जागा केली, पाणी दिवसातून दोनदा बदलले आणि दुपारी आंघोळीसाठी उथळ थाळी ठेवली. रात्री पिंजऱ्यावर सोलापुरी चादर टाकण्याचा मोह टाळावा, उन्हाळ्यात तिच्याखाली हवा कोंडते. पातळ सुती पंचा तीन बाजूंनी पुरतो. कॉकाटेल अंधारात दचकून फडफडण्याबद्दल प्रसिद्ध असल्याने मंद दिवाही चालू ठेवावा. स्वयंपाकघरात पिंजरा कधीही ठेवू नये, कारण नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. डासांची कॉइल, धूप आणि उदबत्तीही त्याच खोलीत लावू नये.

खालचा सरकता ट्रे ही या पिंजऱ्यातली मला सर्वाधिक आवडलेली सोय आहे. त्यात साधे वर्तमानपत्र अंथरून रोज सकाळी बदलताना विष्ठा नजरेखालून जाते : हिरवट घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी यांचे प्रमाण बदलले, तर लक्ष द्यावे. पोपट आजारपण लपवतो. तो पिसे फुलवून तळाशी बसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून दर आठवड्याला स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर वजन घेऊन ते लिहून ठेवावे (प्रौढ कॉकाटेलचे वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम असते), आणि पक्षी तपासणारे पशुवैद्य कोण, हे गरज पडण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

एका कॉकाटेलसाठी हा पिंजरा मी निःसंकोच सुचवेन, अर्थात रोज काही तास त्याला बंद खोलीत, पंखा थांबवून बाहेर सोडण्याची तयारी असेल तरच. दोघांसाठी तो अपुरा आहे, आणि आफ्रिकन ग्रेसारख्या मोठ्या, बळकट चोचीच्या पोपटापुढे याचे गज टिकणार नाहीत.