कातळावरचे दोन तास: रत्नागिरीतली किनाराफेरी

पौष पौर्णिमा शनिवारी आली होती. माझी आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भर. तिथून सहा तासांनी, पाचच्या पुढे, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. ओहोटीत कातळावरचे जीव दाखवणाऱ्या किनाराफेरीच्या आयोजकांनी व्हॉट्सॲपवर "साडेतीनला कातळावर" असं कळवलं तेव्हा मनात हा हिशेब जमला आणि मी लगेच नावं नोंदवली. पाणी उतरताना आत जाणारी आणि वळलं की मागे फिरणारी माणसं असतील, तर पोराला घेऊन जायला भीती नाही. माझे दोनशे रुपये, पाचवीतल्या भाच्याला फुकट.

आधी अडीच वाजता मांडवीच्या किनाऱ्यावर जमलो. मी या काळ्या वाळूत खेळून मोठी झाले, पण ती काळी का, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. माहिती देणाऱ्या ताईंनी लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूत फिरवलं. वर काढलं तर पिशवीला काळ्या कणांचे झुपके. मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम असलेली खनिजं. डोंगरातला काळा दगड झिजतो, नद्या आणि वहाळ ते कण खाली आणतात, मग लाटा हलकी वाळू उडवून जड कण मागे ठेवतात. सुपात पाखडतात तसं. भाच्याने तिथेच एक डबी भरून घेतली.

मग गाड्यांनी आरे-वारेच्या बाजूच्या कातळावर. फेरीचा खरा भाग हाच. ताईंनी सगळ्यांना आधी उभं राहून फक्त बघायला लावलं, वरून खाली. वर, जिथे भरतीचं पाणी जेमतेम शिवतं, तिथे बारक्या गोगलगायी आणि पांढरे टोकदार सुळके. होडीच्या बुडाला चिकटतात तेच हे बार्नॅकल. मी त्यांना आजवर शिंपल्यांतलेच समजत होते. ते निघाले कोलंबी आणि कुर्लीचे भाऊबंद! डोकं दगडाला चिकटवून उलटे राहतात आणि पाणी आलं की पाय बाहेर काढून अन्न ओढतात. त्याच्या खाली कालवं, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे खाण्याचे शिंपले. त्याच्याही खाली, जिथे कातळ थोडाच वेळ उघडा पडतो, झोअँथिडचे, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातल्या प्राण्यांचे, मऊ हिरवट-तपकिरी गालिचे. त्यावर पाय द्यायचा नाही, हातही लावायचा नाही, त्यांच्यातल्या काहींत जबर विष असतं. लहानपणी आम्ही त्यावरूनच धावत होतो. एका डबक्यात भाच्याने नक्षीदार शंख उचलायला हात घातला आणि ताईंनी मनगटच धरलं. तो कोनशंख होता, जिवंत. त्याच्याकडे विषारी भाल्यासारखा दात असतो. ही नजर असलेली माणसं बरोबर होती, म्हणून मी ही फेरी मनापासून सुचवते.

कालवांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कालवाचं पिल्लू आधी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग जागा निवडून स्वतःला दगडाला कायमचं चिकटवतं आणि जुन्या कालवांचं कवच त्याला फार आवडतं. बरीचशी कालवं आधी नर असतात, पुढे मादी होतात. हे ऐकताना मला आजीची कोयती आठवली. ती कालव जागेवरच फोडायची. वरचं कवच उडवून मांस काढायचं, खालचं कातळालाच ठेवायचं. अख्खा झुबका उखडला की ओरडायची, "पुढच्या वर्षी काय खाशील?" मी ते ताईंना सांगितलं. त्यांनी वही काढून लिहून घेतलं आणि सगळ्यांना पुन्हा सांगितलं. त्या दिवसातला माझ्यासाठी सगळ्यात मोठा क्षण तो होता.

दगड उलटण्याचा धडाही असाच मनाला लागला. ताईंनी एक दगड हळूच उचलला. खाली केशरी स्पंज, चपटे खेकडे, पाय वळवळणारे ठिसूळ तारे, कुणाची तरी अंडी. मिनिटभर दाखवून त्यांनी तो होता तसा, त्याच बाजूला ठेवला. उलटा राहिला तर खालचं सगळं उन्हात मरतं आणि वरचं शेवाळ अंधारात. आम्ही कुर्ल्यांसाठी किती दगड उलटे टाकून घरी गेलो असू, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता उणं. पंधरा जणांची मर्यादा सांगितली होती, आलो तीसच्या वर, आणि माहिती देणाऱ्या दोघीच. मागच्यांना वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. हातात दिलेला कागद सगळा इंग्रजीत. कालव, तिसरे, शिनाणे, माकूल ही नावं त्यात कुठेच नाहीत. कोकणच्या मुलाला कोकणच्या किनाऱ्याचा कागद वाचता येऊ नये? आणि कातळाला लागून असलेल्या वाडीतलं एकही पोर आमच्यात नव्हतं. दोन मुली वरच्या रस्त्यावरून बघत उभ्या होत्या. वाडीतल्या कालवं काढणाऱ्या एखाद्या बाईला मानधन देऊन पुढच्या वेळी बोलवा, असं मी आयोजकांना लेखी कळवलं आहे. उत्तर आलं की इथे लिहीन.

जाणाऱ्यांसाठी: बंद बूट घाला, चपलेत जाऊ नका. माझी टाच कालवाने कापली आणि मलमपट्टी माझ्याच पिशवीत होती, त्यांच्याकडे नव्हती. पाणी आणि टोपी न्या. रिकामे शंखही उचलू नका, शंखातल्या खेकड्यांना तेच घर लागतं. प्रवाळ आणि समुद्रकाकडीला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ती घरी नेणं गुन्हा आहे. अष्टमीच्या आसपासची फेरी असेल तर मात्र जाऊ नका. भांगाला, म्हणजे तेव्हाच्या लहान भरती-ओहोटीला, पाणी पुरतं उतरत नाही, खालचा कातळ दिसतच नाही. पौर्णिमा नाहीतर अमावास्या बघूनच नाव द्या.