ब्लास्टरचे बनावट प्रमाणपत्र: सीमाभागातील ड्रिलर बांधवांसाठी माझा अनुभव

खानापूर, बेळगाव आणि निपाणीच्या परिसरात दगडखाणींवर व रस्त्यांच्या कामांवर ड्रिलर म्हणून राबणाऱ्या मराठी तरुणांना ‘ब्लास्टरचे सरकारी प्रमाणपत्र परीक्षेशिवाय काढून देतो’ असे सांगून लुबाडले जात आहे. माझ्याकडून अशाच रीतीने हप्त्याहप्त्याने ५८,००० रुपये घेतले गेले. रक्कम मोठी आहेच, पण त्या कागदाच्या जोरावर मी दारूगोळा हाताळायला उभा राहिलो असतो आणि माझ्यासोबत खाणीतली इतर माणसेही धोक्यात आली असती, हे मला त्याहून गंभीर वाटते. म्हणून जे घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ड्रिलर जॅकहॅमरने किंवा वॅगन ड्रिलने खडकात होल मारतो. त्या होलमध्ये स्फोटक भरणे, टोपी (डिटोनेटर) जोडणे, तोंड मातीने बंद करणे आणि बार, म्हणजे भरलेले होल, उडवणे हे ब्लास्टरचे काम असते. आमच्याकडचा काळा दगड कठीण असल्यामुळे जॅकहॅमरवर दिवसभर उभे राहिले की हात सुन्न होतात, आणि पाणी न मारता कोरडे ड्रिलिंग केले तर दगडाची बारीक धूळ थेट छातीत जाते. काही वर्षांनी प्रत्येक ड्रिलरला वाटते की आता ब्लास्टर व्हावे, कारण तेथे पगारही बरा असतो आणि मानही. २०२१ साली जानेवारीत शिवमोग्याजवळ हुणसोडू येथे आणि फेब्रुवारीत चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात खाणींच्या स्फोटकांचे भीषण अपघात झाले. त्यानंतर आमच्या भागातही कागद विचारल्याशिवाय कोणी जिलेटिनच्या (स्फोटकाच्या कांड्यांच्या) पेटीला हात लावू देईना. गरज वाढली, आणि त्या गरजेच्या वाटेवर हे लोक येऊन बसले.

माझ्याकडे आलेला माणूस आपल्याच भाषेत बोलणारा, वयाने माझ्याएवढाच आणि अत्यंत नम्र होता. खडी फोडण्याच्या क्रशरवर चहाच्या वेळी येऊन तो पोरांशी बोलत असे. “दादा, फॉर्म सगळे इंग्रजीत, इकडच्या ऑफिसातले कागद कन्नडमध्ये, तुम्ही कुठे धावत बसणार? सगळे आम्ही करतो, तुम्ही फक्त आधार कार्ड आणि फोटो द्या,” हे त्याचे वाक्य मला आजही जसेच्या तसे आठवते. सीमाभागात राहणाऱ्या माणसाची खरी अडचण त्याने बरोबर ओळखली होती. राज्य हद्दीपलीकडच्या एका गावात दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्यांची ‘संस्था’ होती आणि भिंतीवर हेल्मेट घातलेल्या तरुणांचे फोटो होते. आधी नोंदणीचे पैसे घेतले, मग वैद्यकीय तपासणीचे, मग ‘पोर्टल शुल्क’, आणि शेवटी ‘साहेबांच्या सहीचे’. प्रत्येक वेळी पैसे मोबाइलवरून एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पाठवायला सांगितले गेले. संस्थेच्या नावाची पावती कधीही मिळाली नाही.

प्रशिक्षण म्हणून एका खोलीत बसवून काही व्हिडिओ दाखवले गेले. खऱ्या ब्लास्टरला ज्या गोष्टी झोपेतही सांगता आल्या पाहिजेत, त्यांतली एकही तेथे आली नाही. उडालेल्या होलचा तळाशी जो भाग शिल्लक राहतो, त्यात पुन्हा ड्रिल घालायचे नसते, कारण तेथे न फुटलेले स्फोटक दडलेले असू शकते. बार फसला, म्हणजे उडालाच नाही, तर भरलेली माती लोखंडी सळीने उकरायची नसते. त्या होलपासून किमान ३० सेंटीमीटर अंतरावर, त्याला समांतर दुसरे होल मारून तो बार काढायचा असतो. ठासण्यासाठी लाकडी काठीच वापरायची, टोप्या आणि स्फोटक एका पेटीत न्यायचे नाही. यांतले बरेचसे मला जुन्या कामगारांकडून ऐकून माहीत होते. संस्थेच्या ‘मास्तरां’ना मी फसलेल्या बाराबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

काही आठवड्यांनी प्लास्टिकचे एक देखणे कार्ड हातात आले. त्यावर तीन सिंहांची राजमुद्रा, माझा फोटो, क्रमांक आणि क्यूआर कोड होता. कोड मोबाइलने वाचला की एक संकेतस्थळ उघडे आणि तेथे माझे नाव ‘वैध’ म्हणून हिरव्या अक्षरांत दिसे. ते संकेतस्थळ त्यांनीच तयार केलेले होते. हा डाव मला सर्वांत घातक वाटतो, कारण आता गावातली शिकलेली मुलेसुद्धा ‘कोड लागतोय म्हणजे खरे आहे’ असे म्हणतात.

पितळ उघडे पडले ते एका मोठ्या खाणीवर कामासाठी गेलो तेव्हा. तेथील व्यवस्थापक साहेबांनी कार्ड हातात घेतले आणि त्यावरची ‘डीजीएमएस व पेसो मान्यताप्राप्त ड्रिलर-ब्लास्टर’ ही एक ओळ वाचूनच ते बाजूला ठेवले. त्यांनी मला बसवून जे समजावले, ते प्रत्येक ड्रिलरला ठाऊक असायला हवे.

डीजीएमएस आणि पेसो ही दोन कार्यालये वेगळी आहेत आणि त्यांचे कागदही वेगळे आहेत. खाणीत बार उडवणाऱ्याला ब्लास्टरचे प्रमाणपत्र लागते; ते खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, परीक्षा घेऊन देते आणि त्याचे मुख्यालय धनबादला आहे. त्यासाठी कामाचा प्रत्यक्ष अनुभव, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. जी जागा खाण नाही, उदाहरणार्थ विहीर, घाटरस्त्याची कटिंग किंवा इमारतीचा पाया, तेथे शॉटफायररचा (बार उडवणाऱ्याचा) परवाना लागतो; तो २००८ च्या स्फोटके नियमांखाली पेसो, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, देते, जिचे मुख्यालय नागपूरला आहे. दोघांचा मिळून एकच कागद कुठेही निघत नाही, आणि नुसते होल मारणाऱ्याला ‘ड्रिलर-ब्लास्टर’ म्हणून परीक्षेशिवाय मान्यता मिळत नाही.

आणखी एक गैरसमज आमच्या भागात मुद्दाम पसरवला जातो, तो म्हणजे ‘खडीची खाण छोटी, तिला धनबादचा कायदा लागत नाही’. १९५२ च्या खाण कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) बांधकामाचा दगड, खडी, मुरूम काढणाऱ्या उघड्या खाणींना सूट होती हे खरे; पण खाणीची खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसेल, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील तरच. म्हणजे बार उडाला की ती सूट संपली. खाण कितीही लहान असो, तेथे बनावट कार्डावर बार भरणारा माणूस अपघात झाला तर स्वतःही कायद्याच्या कचाट्यात सापडतो, आणि कार्ड देणारे तोपर्यंत दुकान बंद करून गेलेले असतात.

तक्रार करताना हद्दीचा फायदा चोरालाच कसा मिळतो, हेही मी पाहिले. आमच्या बाजूच्या ठाण्यात सांगितले गेले की संस्था महाराष्ट्रात आहे, तिकडे जा. तिकडे सांगितले गेले की तुम्ही पैसे कर्नाटकातून पाठवलेत, तिकडे जा. शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी दाखवून दिले की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते. वकिलांनी हे कलम लिहून दिलेला अर्ज पुढे ठेवल्यावर तक्रार घेतली गेली. जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला, म्हणून तो मराठीत समजावून घेतल्याशिवाय मी सही केली नाही. तसे करण्यात संकोच बाळगू नये. पैसे मोबाइलवरून गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती अडवता येते. मला हा क्रमांक उशिरा कळला आणि माझे पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

मी सध्या ड्रिलवरच आहे आणि खऱ्या परीक्षेची तयारी करीत आहे. ज्यांच्याकडे असेच कार्ड असेल त्यांनी ते रागाने फाडून टाकू नये. तो पुरावा आहे. पैसे पाठवल्याचे संदेश, एजंटाशी झालेले बोलणे आणि त्या संकेतस्थळाचा फोटो यांच्यासह ते जपून ठेवावे, ठाण्यात दाखल करावे, आणि त्या कार्डावर कोणी जिलेटिनच्या पेटीची चावी हातात देत असेल तर ती घेऊ नये.