खिडकी मिटली तरी सेशन जागेच: टीमक्स आणि ओपनएसएसएचचा नऊ महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीचा लिनक्स सर्व्हर मी विश्रामबागेतील घरून सांभाळतो. हळदीच्या सौद्यांची वजने, शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि व्यापाऱ्यांची येणी हे सारे त्यावरील पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंदले जाते. पावसाळ्यात वीज गेली की घरचे इंटरनेटही जाते आणि चालू काम मध्येच तुटते, म्हणून गेल्या जुलैपासून मी सगळे काम टीमक्समध्ये, म्हणजे कनेक्शन तुटले तरी सर्व्हरवरचे सेशन (उघडलेले काम) चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, करू लागलो. काम टिकवण्याच्या बाबतीत टीमक्सने मला एकदाही दगा दिला नाही. अडचण आली ती काम संपवण्याच्या बाबतीत, आणि हा अनुभव मुख्यतः त्याविषयीच आहे.

दूरच्या सर्व्हरवर काम करण्यासाठीचे साधे एसएसएच कनेक्शन बंद केले की सर्व्हरवरचे टर्मिनल मिटते, शेलला, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमला, 'जोडणी तुटली' असे सांगणारा हँगअप सिग्नल मिळतो आणि त्यात चालू असलेल्या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) सहसा थांबतात. टीमक्सचा सर्व्हर मात्र त्या टर्मिनलपासून वेगळा झालेला असतो. कंट्रोल-बी आणि मग डी दाबले की आपण फक्त बाहेर पडतो. आतली प्रत्येक खिडकी, तिच्यातला शेल, त्याने व्यापलेली मेमरी आणि डेटाबेसचे कनेक्शन जसेच्या तसे राहते.

याची किंमत मला फेब्रुवारीच्या अखेरीस, ऐन हळदीच्या हंगामात कळली. एका व्यापाऱ्याच्या खात्यातील येणे बाकी दुरुस्त करण्यासाठी मी पीएसक्यूएल या पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅममध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) सुरू केले, अपडेट चालवले आणि आकडा पडताळण्यासाठी पेढीवर फोन लावला. फोन उचलला गेला नाही. संध्याकाळ झाली होती, म्हणून कमिट न करताच, म्हणजे बदल पक्का न करताच, मी टीमक्समधून बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी सौदे सुरू झाल्यावर दिवाणजींचा फोन आला, "साहेब, पट्टी सेव्हच होईना. नुसतं चाक फिरतंय, आणि शेतकरी पैशाला थांबल्यात." चालू कनेक्शनांची यादी पाहिली, तेव्हा माझेच कनेक्शन सतरा तासांपासून 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून रिकामे बसलेल्या, अवस्थेत होते आणि त्या खात्याच्या ओळीवरचे लॉक त्याने धरून ठेवले होते. त्या व्यापाऱ्याच्या नावावरची प्रत्येक पट्टी त्याच ओळीपाशी अडत होती. मी रोलबॅक देऊन तो बदल रद्द केला आणि खोळंबलेल्या पट्ट्या क्षणात मोकळ्या झाल्या, पण तोवर माणसे उन्हात ताटकळली होती आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

अशा रिकाम्या ट्रान्झॅक्शनसाठी पोस्टग्रेसमध्ये 9.6 आवृत्तीपासून कालमर्यादेची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. मी ती दहा मिनिटांवर आणली आहे, आणि बदलांपैकी हा एकच बदल करता येत असेल तर तो आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न अर्धमेल्या कनेक्शनांचा होता. घरची वीज गेली की सर्व्हरला काहीच कळत नाही, कारण निरोप देणारे टोकच नाहीसे झालेले असते. दुसरे टोक जिवंत आहे का हे पाहणारी लिनक्सची टीसीपी कीपअलाइव्ह तपासणी मूळ मांडणीत 7200 सेकंद शांतता गेल्यावर सुरू होते आणि नंतर 75 सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा विचारणा करते. म्हणजे मेलेले कनेक्शन सव्वादोन तासांच्या आसपास तग धरू शकते. ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रॅमचीही अशी तपासणी आहे; तिच्यातील दोन विचारणांमधले अंतर, 'क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल', मुळात शून्य, म्हणजे बंद असते. ते 60 सेकंद आणि त्याची उत्तर न मिळण्याची मर्यादा तीन ठेवल्यापासून अशी कनेक्शने साधारण तीन मिनिटांत मिटतात. माझ्या बाजूने टर्मिनल गोठले तर एंटर, टिल्ड आणि टिंब ही तीन बटणे ओळीने दाबतो; खिडकी जबरदस्तीने बंद करावी लागत नाही.

बॅश या शेलची, रिकामा राहिल्यास त्याला बंद करणारी 'टीएमआउट' मर्यादाही वापरून पाहिली. ती फक्त प्रॉम्प्टवर रिकाम्या बसलेल्या शेलला लागू पडते. पीएसक्यूएल किंवा विम हा मजकूर संपादक उघडा असेल तर तिचा उपयोग होत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या सगळ्या प्रोसेस मारण्याची सोय आहे, परंतु ती सुरू केल्यास टीमक्सही त्यात जाते, आणि ते वाचवायचे तर वेगळ्या स्कोपमध्ये (प्रोसेसच्या स्वतंत्र गटात) चालवावे लागते. मी ती बंदच ठेवली आहे.

सेशन संपवताना मी आता आधी आतला कार्यक्रम त्याच्या स्वतःच्या रीतीने बंद करतो आणि मगच टीमक्सला 'किल-सेशन' सांगतो. नोहपने, म्हणजे हँगअप सिग्नलकडे दुर्लक्ष करायला लावणाऱ्या आज्ञेने, चालवलेली प्रोसेस त्यानंतरही मागे राहू शकते. तिला प्रथम आवरून थांबायला सांगणारा टर्म सिग्नल देतो आणि ती दाद देत नसेल तरच तत्काळ मारणारा किल वापरतो, कारण किलनंतर तात्पुरत्या फायली पुसण्याची संधी कोणत्याही स्क्रिप्टला मिळत नाही. माझ्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये मी ट्रॅप ही आज्ञा लावून तो पुसण्याचा भाग एक्झिटला, म्हणजे स्क्रिप्ट संपण्याच्या क्षणाला, बांधला आहे.

टीमक्सबद्दल एक तक्रार उरते. बाहेर पडताच सेशन नष्ट करणारा 'डिस्ट्रॉय-अनअटॅच्ड' हा पर्याय त्यात आहे, पण तो सरसकट लावला तर वीज जाताच कामही जाते; आणि दोन दिवस कोणी न फिरकलेले सेशन आपोआप बंद कर, असे सांगणारी सोपी सेटिंग मला हवी होती. तिच्याऐवजी प्रत्येक सेशनला मी कामाचे नाव आणि तारीख देतो, आणि शनिवारी सौदे आटोपल्यावर 'टीमक्स एलएस'ची यादी वाचतो. गेल्या शनिवारी तीत तीन नावे होती; दोन बंद केली, तिसऱ्यात बॅकअप चालू होता.