निनावी जुनी रेसिंग सायकल: रंग सोलायचा की आहे तो जपायचा?

बॅज गायब, हँडल खाली वळलेलं, आणि वरून कोणीतरी गेटला मारून उरलेला काळा ऑइलपेंट फासलेला. अशी सायकल हाती लागली की दोनच रस्ते, सगळं सोलून पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) करा किंवा वरचा थर हळूहळू काढून खालचा रंग वाचवा. मी दोन्ही केलंय, दोन वेगळ्या सायकलींवर, आणि पहिल्यांदा चुकलोय.

पहिली फ्रेम सरळ ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग उडवायला, दिली. आली तेव्हा अशी चकाचक की शेजारीपाजारी बघायला आले, पण बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस फिरतो ती जागा) खाली ठोकलेला नंबर पावडरच्या जाड थरात बुजला होता, लगच्या (नळ्या जोडणाऱ्या बाह्या) धारदार कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या, आणि मी शहाण्याने आधी एक फोटोसुद्धा काढला नव्हता. शिवाय चांगल्या रेसिंग नळ्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाड असतात, वाळूचा जोर जास्त झाला तर पत्राच खाल्ला जातो.

दुसऱ्या वेळी थिनरचा बोळा घेऊन बसलो. नखाएवढी जागा, पुसायचं, थांबायचं, परत पुसायचं, असे कितीतरी रविवार गेले, बायको वैतागली. पण सीटट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) काळ्याखाली स्टिकरचा एक कोपरा निघाला आणि त्यात ५३१ वाचता आलं! इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीची ५३१ नावाची ही नळी १९३५ ला आली, म्हणजे फ्रेम त्याआधीची नाही. सायकल कोणत्या कंपनीची ते मात्र त्यावरून कळत नाही, कारण ५३१ इंग्लंडच्या छोट्या कारागिरांनीही वापरली आणि फ्रान्सच्या प्युजोनेही.

देश ओळखायचा तर बीबी बघा, यात रंगाचा संबंध नाही. शेलची (बीबी बसते ती आडवी नळी) रुंदी कॅलिपरने मोजा, ७० मिमी भरली तर बहुतेक इटालियन, ६८ भरली तर इंग्लिश किंवा फ्रेंच असू शकते. मग चेनच्या बाजूचा कप (शेलमध्ये आट्यांनी बसवलेली वाटी) बघा, इंग्लिशचे आटे उलटे असतात, इटालियनचे सुलटे आणि फ्रेंचचेही बहुतेक सुलटेच. हे न बघता पाना लावून जोर केला की आटे गेलेच समजा. डिरेलर (गिअर बदलणारा भाग) कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीचा असून त्यावर पेटंट ७२ (म्हणजे १९७२) वगैरे कोरलेलं असेल तर तो पार्ट तेव्हाचा, फ्रेम तेव्हाची असेलच असं नाही.

माझं मत, सोनेरी लाइनिंगची रेघ किंवा अक्षराचा तुकडा कुठेही दिसला तर रंग जपा, गंज थांबवा आणि वॅक्स मारा. मागमूसच नसेल तर बिनधास्त रंगवा, फक्त पावडरऐवजी स्प्रेचा पातळ हात द्या म्हणजे लगची कड दिसते. दिसायला नवंकोरंच हवं असेल तर जपलेली सायकल तुमचं समाधान करणार नाही, ती जुनीच दिसते.

रंग जपा की सोला, चाकांचं दोन्हीकडे सारखंच. २७ इंची रिमवर आपल्या साध्या सायकलचा २८ × १½ टायर चढवायचा हट्ट दुकानदार करेल, ऐकू नका, टायर बसतो त्या कडेचा व्यास त्याचा ६३५ मिमी आणि रिमचा ६३०, बसणार नाही नीट.

आणि काहीही ठरवा, आज रात्रीच सीटपोस्टच्या (सीटचा दांडा) सांध्यात तेल सोडून ठेवा. माझी निघायला अकरा दिवस लागले.