बालवाडीच्या वर्गात काय अंथरायचं: सतरंजी, फोम मॅट की छोट्या खुर्च्या?

मे संपत आला की नवीन बालवाडी काढणाऱ्या ताईंचा पहिला प्रश्न हाच असतो, मुलांना बसवायचं कशावर. मी तिन्ही वापरलंय. सिडकोत रो-हाऊसच्या हॉलमध्ये वर्ग घेते, खोली १२ बाय १५ फूट, मुलं २०, तेव्हा जे सांगतेय ते अशाच खोलीसाठी धरा.

आधी खुर्च्या-टेबलं, कारण पालकांना तेच बघायचं असतं, रंगीत खुर्च्या दिसल्या की अ‍ॅडमिशन झालीच समजा. पण हिशोब करा ना, चार मुलांचं एक टेबल आणि भोवती खुर्च्या सरकवायला जागा म्हणजे ५ बाय ६ फूट जातातच, अशी पाच टेबलं मांडली की १८० पैकी १५० चौरस फूट गेले, मग गोल करून गाणी कुठे म्हणायची आणि मुलांनी नाचायचं कुठे? शिवाय दुकानातली खुर्ची तीन वर्षांच्या पोराला बऱ्याचदा उंच पडते, पाय लोंबकळतात, मूल पुढे घसरत राहतं. या वयाला साधारण १० इंच उंचीची बैठक पुरते, तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. घ्यायला जाताना घरातलं एखादं लहान पोर सोबत न्या आणि बसवूनच बघा.

सतरंजी माझी सगळ्यात लाडकी. पहिल्या आठवड्यात रडणारं मूल खुर्चीत टिकतच नाही, त्याला तुमच्या मांडीशी यायचं असतं आणि तुम्ही खाली बसलेल्या असलात तरच ते येतं. जमिनीवर बसवणं कमीपणाचं असं कुणी पालक म्हणाले तर त्यांना सांगा, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं आणि मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, अंगणवाडी तिथली. अडचण फक्त पावसाची. एकाने शू केली की अख्खी जड सतरंजी धुवा, आणि जुलैत आपल्याकडे चार-चार दिवस रिपरिप लागली की ती वाळत नाही, खोलीभर कुबट वास. एक मोठी घेण्यापेक्षा चार लहान घ्या, दोन वापरात, दोन वाळत.

फोम मॅट पुसली की झाली, मूल पडलं तरी लागत नाही. पण सांध्यांतून पाणी खाली जातं. गेल्या वर्षी एका सोमवारी कोपऱ्यातला तुकडा उचलला तर खाली ओली माती, भिजून फुगलेलं बिस्कीट, मुंग्यांची रांग आणि तीन मणी. मणी बघून पोटात गोळाच आला, एखाद्याने तोंडात घातला असता तर? तेव्हापासून दर शुक्रवारी सगळे तुकडे उचलून भिंतीला उभे करते, फरशी कोरडी करते. अक्षरं-आकडे सुटे निघणारी मॅट अजिबात घेऊ नका, प्लेन घ्या, मुलं कडा कुरतडतात ते वेगळंच.

तीन-चार वर्षांची मुलं असतील तर माझं मत, अर्ध्या खोलीत फोम मॅट, गोष्टीच्या वेळी त्यावर सतरंजी, आणि टेबलं फक्त दोन, आठ-आठ जणांनी पाळीपाळीने चित्र काढायला. डबा खालीच बसून खाऊ दे. पाच वर्षांचा मोठा गट असेल तर तिसरं टेबल वाढवा, त्याहून जास्त नको.

टेबलं दाराजवळच्या भिंतीला लावू नका, तिथे रेनकोट टांगायचेत, मुलांचा हात पुरेल एवढ्या उंचीवर हुक ठोकून घ्या, आणि ते १५ जूनच्या आत, नंतर सुतार सापडत नाही.