पीएम-किसानचं संकेतस्थळ: नावं दिसतात, हप्ते दिसत नाहीत

पीएम-किसानमधून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६००० रुपये मिळतात, २००० चे तीन हप्ते. गावात ते कोणाला मिळतात हे योजनेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं, लॉगिन लागत नाही. ही सोय चांगलीच आहे, पण अर्धवट आहे.

'फार्मर्स कॉर्नर'मध्ये 'बेनिफिशियरी लिस्ट' उघडा. राज्य, जिल्हा, उपजिल्हा (म्हणजे आपला तालुका), ब्लॉक आणि गाव निवडून 'गेट रिपोर्ट' दाबा. गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगात आहेत, त्यामुळे बुद्रुक की खुर्द हे नीट बघून घ्या.

यादीत शेतकऱ्याचं नाव आणि स्त्री की पुरुष एवढंच येतं. गट नंबर नाही, किती हप्ते जमा झाले तेही नाही. गावात एकाच नाव-आडनावाचे तिघे असतील तर यादीतला नेमका कोणता, हे गावकऱ्यांनाही सांगता येणार नाही. प्राप्तिकर भरणारा किंवा दरमहा १०,००० रुपये वा त्याहून जास्त पेन्शन घेणारा या योजनेत अपात्र आहे (पेन्शनच्या अटीत चतुर्थ श्रेणीवाल्यांना सवलत आहे). असं नाव यादीत दिसलं, तरी त्याला पैसे गेले की हप्ता अडवला गेला, ते कळत नाही.

खरी माहिती 'नो युवर स्टेटस'मध्ये आहे, पण ती ज्याची त्यालाच दिसते: नोंदणी क्रमांक, कॅप्चा आणि मोबाईलवरचा ओटीपी. तिथे आधी तीन गोष्टी तपासा. 'लँड सीडिंग' (जमिनीची नोंद योजनेतल्या नावाशी जोडणं) 'नाही' दिसत असेल तर सातबारा आणि आधार घेऊन तालुक्याला जावं लागतं, ते घरबसल्या होत नाही. ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) ओटीपीने, सीएससी केंद्रात बोटाच्या ठशाने किंवा ॲपमध्ये चेहरा दाखवून होते. सर्वांत जास्त घोळ तिसऱ्यात, आधार-बँक सीडिंगमध्ये. खात्याला आधार जोडलेलं असलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत शेवटी ज्या बँकेशी आधार जोडला, तिथेच पैसे जातात. नवं खातं उघडताना संमतीची खूण केली की हप्ता तिकडे वळतो आणि माणूस जुन्या पासबुकात शोधत राहतो. 'माय आधार' या आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की बँक कळते.

स्टेटसमध्ये हप्त्यापुढे 'आरएफटी साइन्ड' दिसलं म्हणजे राज्याने पैशांची मागणी पुढे पाठवली, 'एफटीओ जनरेटेड' म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश निघाला. या टप्प्यावर 'काम करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख)(बारा) प्रमाणे अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील सरकारने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. नुसत्या नावांनी ती जबाबदारी पुरी होत नाही. नावापुढे मिळालेल्या हप्त्यांची संख्या आणि बंद झालेल्यांपुढे कारण, एवढं तरी हवंच. आधार आणि खाते क्रमांक झाकलेलेच राहू द्या, त्यांची कोणाला गरज नाही.

तोवर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात माहितीचा अर्ज करता येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका. गावाचं नाव, वर्ष, हप्ता, अपात्र ठरलेल्यांची संख्या आणि त्यांच्याकडून वसूल झालेली रक्कम, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.